नानांचे कान शाबूत होते

आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय संपादकांनीच ठरवून दिला. धरणगावच्या पलीकडच्या एका गावात, माळावर, आमच्या शाळेने ऐंशीच्या दशकात लावलेली वनराई आणि तिचा जनक म्हणून मी. सोबत फोटोही हवा आहे. फोटो देईन. लेख मात्र माझ्या घरमालकांवर लिहितो आहे. त्या माळाशी त्यांचा संबंध माझ्याआधीचा होता आणि माझ्यापेक्षा खरा होता. त्या गावात आजही कोणी त्यांची आठवण काढली तर ‘तो बहिरा म्हातारा’ असंच म्हणतात. ते बहिरे नव्हते. ही गोष्ट तिथल्या लोकांना माझ्यामुळे चुकीची कळली, तेव्हा ती दुरुस्तही मीच करायला हवी.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. जळगावात, मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुमजली घर होतं. मी जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून जळगावला नवीन लागलो होतो आणि खोली शोधत होतो. नानांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. म्हणाले, “चालून दाखवा.”

मी अंगणात चाललो.

“चप्पल फटफटते तुमची. बदलावी लागेल. घोरता का?”

“माहीत नाही.”

“मग दोन रात्री राहून दाखवा, नंतर सामान आणा.”

आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “अहो, भाडेकरू ठेवताय की मांजर पाळताय?”

नाना आयुष्यभर तार ऑफिसात होते. समोरून येणाऱ्या ठोक्यावरून तिकडे यंत्रावर कोण बसलंय ते ओळखायचे, आणि ही गोष्ट समोरच्याला दहा वेळा ऐकवायचे. नम्रता हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. कान ही आपली मिळकत आहे आणि ती जपून वापरायची, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून आठवडाभर ते कानांत कापसाचे बोळे घालून फिरायचे. बाजारात, लग्नात, देवळात, सगळीकडे बोळे. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. पंखा त्यांना चालत नसे. जळगावच्या वैशाखात, भिंतीला हात लावला तर चटका बसेल अशा दिवसांतही, त्यांच्या खोलीत पंखा बंद. म्हणायचे, “पंख्याचा सूर डोक्यात बसतो. रविवारी मग पाखराच्या सुरातून तो वेगळा करत बसावं लागतं.” अक्का आपली गादी उचलून गच्चीवर जायच्या.

सगळा आठवडा त्या रविवारसाठी असे. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने ते धरणगावला जायचे आणि तिथून चालत त्या माळावर. माळाच्या कडेला पोचले की बोळे काढून चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायचे आणि उगवतीकडे तोंड करून चालायला लागायचे. वाट ठरलेली, चाल ठरलेली, वळायची जागाही ठरलेली. डाव्या खिशात चिंचोके. माळावरच्या पाखरांपैकी एक नर गाताना ऐकू आला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी आल्यावर उजव्या खिशातले चिंचोके काचेच्या बरणीत टाकायचे. दर वर्षाची बरणी वेगळी. फळीवर बरण्या ओळीने मांडलेल्या असत आणि त्यांतली चिंचोक्यांची उंची एका नजरेत दिसे. वही का ठेवत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “लिहायला मान खाली घातली की कान अर्धे होतात.”

मला त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात सोबत ओढलं. मी जीवशास्त्र शिकवतो म्हणून नव्हे. मी घोरत नाही, एवढंच त्यांच्या लेखी पुरेसं होतं.

त्या माळाकडे आधी मी बघितलंही नसतं. सरकारी कागदात तो पडीक. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधे मधे तरवड आणि बोरीची झुडपं. पण फटफटायला लागलं की त्या उघड्या जमिनीवरून डोंबारी उठायचा. चिमणीएवढा पक्षी, पोटाकडून काळा. पंख फडफडत सरळ वर जायचा, मग पंख मिटून दगडासारखा खाली यायचा, आणि पडता पडता एक लांब शीळ ओढायचा. जमिनीला टेकणार असं वाटलं की पुन्हा वर. चंडोल तर हवेतच उभा राहून गायचा. गवतात वटवट्या बडबडत असायचा. मी दुर्बीण लावून पिसं बघायचो. नाना डोळे मिटून उभे असायचे.

“मास्तर, दिसतो तो एक. ऐकू येतात ते पाच. पुस्तकातून बाहेर या.”

हे ते एकदा माझ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. मला लागलं. पुढे जे झालं त्यात या लागण्याचा वाटा होता की नाही हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. होता.

नाना चुकायचेही. एकदा हिवाळ्यात भारीट आले नाहीत. भारीट म्हणजे पिवळ्या पोटाचे, काळ्या डोक्याचे पाहुणे पक्षी. परदेशातून येतात, ज्वारी भरात असताना थव्याने शेतात उतरतात आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खातात. त्या वर्षी पाऊस कमी, ज्वारी खुरटलेली, थवे कुठेच नाहीत. नानांनी गावात जाहीर करून टाकलं की भारीट संपले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, कणसं भरली, आणि आम्ही बांधावरून चाललो असताना एक शेतकरी गोफण हातात घेऊन राखणीच्या माळ्यावरून ओरडला, “ओ नाना! तुमना मरेल पाखरं मनी जवारी खाई ऱ्हायनात! या, मयतले या!”

आजूबाजूच्या शेतांतले लोक पोट धरून हसले. नानांनी बोळे काढले, बांध ओलांडला आणि त्या शेतकऱ्यासमोर जाऊन म्हणाले, “चुकलो भाऊ. एका वर्षाची साक्ष धरायला नको होती.” मग ज्याला ज्याला सांगितलं होतं त्याच्या त्याच्या दारात जाऊन त्यांनी हेच सांगितलं. मला वाटलं, एवढं कशाला? कोणाला आठवण तरी असेल का? पण ते दुपारभर उन्हात फिरत राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत कडक केली. एका वाईट वर्षाने काही सिद्ध होत नाही. दुष्काळ आला की पाखरं कमी होतात, पाऊस झाला की गवत उठतं, गवताला बी येतं, किडे येतात आणि पाखरं भरून निघतात. हे त्यांनी बरण्यांत पाहिलं होतं. एक बरणी बसलेली, पुढच्या दोन पुन्हा भरलेल्या. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मात्र बरण्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. ज्वारीच्या जागी कापूस आला होता आणि कापसावर फवारे. विहिरीला पाणी असेल तिथे केळी. माळाच्या एका कडेला नांगर फिरला होता. आणि ऊन. नाना म्हणायचे, “पूर्वी फाल्गुनात डोंबारी ऊन चढेपर्यंत गायचा. आता दुकान उघडतो आणि बोहनी व्हायच्या आत बंद करतो. तापतंय लवकर.” तरी त्यांचा मुद्दा उन्हाचा नव्हता. ते म्हणायचे, “ऊन आपल्या हातात नाही. उन्हाने पडलेलं पाखरू उठायला जागा लागते. ती जागा आपल्या हातात आहे.”

ती जागा म्हणजे हा माळ. आणि त्याच माळावर झाडं लावायचं ठरलं.

त्या काळी गावोगाव झाडं लावायची हवा होती. आजही मी त्या हवेला नावं ठेवत नाही. उघडं बोडकं दिसलं की तिथे हिरवं करावं, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? योजनेतून सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपं मिळणार होती, गावाला सरपण होणार होतं, खड्डे आमच्या शाळेची मुलं खणणार होती. शाळेच्या बाजूने सगळी जबाबदारी माझ्यावर होती. मोठे साहेब उद्घाटनाला यायचे होते. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं होतं की या कामाकडे वरून लक्ष आहे. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं.

नानांना हे कळलं तेव्हा ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत.

“मास्तर, त्या माळावर झाड नको.”

“नाना, झाडं लावली तर पक्षी वाढतील.”

“कोणते? कावळा, साळुंकी, बुलबुल. ते गावात पुष्कळ आहेत. डोंबारी झाडावर बसतो का? तुम्ही बघितलात का कधी? त्याचं घरटं गुराच्या खुराच्या खळग्यात असतं. त्याला झाड म्हणजे शिकऱ्याचा माळा. वर बसून शिकरा एकेक टिपणार.”

त्यांचं खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

“ग्रामसभेत मी बोलणार आहे,” ते म्हणाले. “मला लोक वेडा समजतात. तुम्ही जीवशास्त्रवाले. तीन वर्षं माझ्याबरोबर चालताय. तुम्ही फक्त एवढं सांगा की नाना म्हणतात ते बरोबर आहे, किंवा निदान तपासून बघण्यासारखं आहे.”

“बघतो,” मी म्हणालो.

मनात एक शंका होती, आणि ती मला सोयीची होती. म्हाताऱ्या माणसाचे कान आधी बारीक, उंच सूर सोडतात. ढोल ऐकू येतो, शीळ येत नाही. डोंबाऱ्याची शीळ उंच. मग पाखरं कमी झाली की नानांचे कान? हे खरं निघालं असतं तर माझी सुटका होती. म्हणून एका संध्याकाळी नाना बोळे काढून अंगणात आरामखुर्चीत पडले असताना मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. त्या वेळची चावीची घड्याळं अगदी हळू टिकटिकत. मी एकेक पाऊल मागे सरकत गेलो. तुळशीपर्यंत गेलो, मग नळापर्यंत, मग पार फाटकापाशी.

फाटकापाशी असताना नाना मागे न बघता म्हणाले, “मास्तर, घड्याळाला तेल द्या. ठोका अडखळतोय.”

म्हणजे ग्रामसभेला जाताना मला माहीत होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सभा मारुतीच्या पारावर होती. नाना बरण्या पिशवीत घालून एस.टी.ने घेऊन आले होते. त्यांनी कानांतले बोळे काढून डबीत ठेवले आणि बरण्या पारावर ओळीने मांडल्या. पहिल्या बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या, शेवटच्या दोन तळाशी. ते बोलले चांगलं, पण तार पाठवत असल्यासारखं तोडून तोडून बोलले, आणि कोणी मधे विचारलं तर “आधी ऐका” म्हणून दटावत राहिले. लोक आधी बरण्यांकडे बघत होते, मग एकमेकांकडे.

“नाना, चिंचेले फळ कमी उनं व्हई यंदा!” एक म्हातारा म्हणाला.

“उंदीर लागनात नाना, मांजर पाळा!”

“झाड नको म्हणणारा माणूस मी पैलांदाज देखी ऱ्हायनू,” तिसरा म्हणाला. सगळा गाव हसला.

पण सरपंच आबा हसले नाहीत. ते शहाणे गृहस्थ होते. त्यांनी एक बरणी उचलून हलवून बघितली, शेवटची बरणी हलवून बघितली, आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “सर, म्हातारा खोटं बोलणारा वाटत नाही. काय करायचं? अर्धा माळ सोडू का?”

त्या क्षणी माळ माझ्या हातात होता. मी मान हलवली असती तरी अर्धा वाचला असता.

मी आबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, “नानांना कमी ऐकू येतं आता. पाखरं आहेत. त्यांना ऐकू येत नाहीत.”

आबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्यांनी बरणी खाली ठेवली. पाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नानांना ते मोठ्याने म्हणाले, “नाना! ऐकू येस का? घर जा आते, ऊन व्हई जाई!” मग शेजारच्याला खुणेने कान दाखवला, त्याने पुढच्याला, आणि पाहता पाहता ती खूण सगळ्या सभेत फिरली. लोकांचा चेष्टेचा सूर बदलून दयेचा झाला. ते चेष्टेहून वाईट होतं. दोन पोरांनी नानांना हात धरून पारावरून उतरवलं.

नाना माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी बरण्या पिशवीत भरल्या.

झाडं लागली. मी पर्यवेक्षक झालो. उद्घाटनाचा फोटो शाळेच्या ऑफिसात अजून आहे. पहिल्याच पावसाळ्यात गिरिपुष्प छातीएवढं झालं आणि नंतरच्या वर्षी त्यात बुलबुल घरटी करू लागले. मी घरी येऊन मुद्दाम सांगितलं, “नाना, पक्षी आले बरं का तिकडे!”

“आले असतील,” ते म्हणाले. “जे गेले त्यांचं विचारत होतो मी.”

त्यांनी मला खोली सोडायला सांगितली नाही. भाडं वाढवलं नाही. बोलणं कमी केलं नाही. रविवारी मात्र ते एकटे जायला लागले, त्या माळावर नव्हे, धुळ्याच्या बाजूला. जळगावहून धुळ्याची बस, तिथून दुसरी बस, मग चालणं. साठी कधीच ओलांडलेली. अक्का म्हणायच्या, “आता तरी पुरे करा.” नाना म्हणायचे, “एक माळ गेला. सगळे गेले नाहीत.” पुन्हा नवी वाट ठरवली, नव्या बरण्या आणल्या. पहिलं वर्ष नुसतं ऐकण्यात घालवलं. हा माणूस हरल्यासारखा दिसलाच नाही, आणि त्यामुळे मला त्यांच्यासमोर बसणं जड जायला लागलं. माझं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. ती नानांच्या मांडीवर बसून चिंचोके खेळायची. मी सरकारी घरासाठी अर्ज केला होता तो मंजूर झाला तरी घर सोडवेना.

नव्वदच्या दशकात, अक्का गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, नाना पुन्हा एकदा जिना चढून वर आले.

“मास्तर, या रविवारी धुळ्याला याल का?”

“का?”

“मला आता खरंच कमी येतंय. खालचे सूर ठीक आहेत. वरचे गेले. परवा डोंबारी पडताना दिसला आणि शीळ आली नाही.” हे त्यांनी वाण्याचं दुकान बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं. “तिथेही खड्डे खणायचं ठरतंय. गुरुवारी झाडांच्या योजनेचे साहेब जागा बघायला येणार आहेत. त्याआधी मला आकडा पक्का हवा. तुम्ही ऐका, मला सांगा, मी चिंचोका टाकीन.”

“माझ्यावर विश्वास ठेवाल?”

“दुसरे कान कुठे आहेत माझ्याकडे?”

रविवारी आम्ही त्या माळावर पोचलो तेव्हा थंडी होती आणि ठेलारी धनगरांच्या मेंढ्या गवतात उतरत होत्या. नाना डोळे मिटून चालत होते. मी ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकत होतो. डोंबारी ऐकू आला की त्यांच्या बाहीला हात लावायचो. चिंचोका या खिशातून त्या खिशात. एकदा मला खात्री नव्हती तरी मी हात लावला. ते थांबले.

“नक्की?”

“नाही.”

“मग नको.” त्यांनी चिंचोका परत टाकला.

परतीच्या वळणावर एका दगडावर बसलो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “नाना, त्या सभेत मी आबांना…”

“माहीत आहे.”

“आबांनी सांगितलं?”

“मी ऐकलं. ‘पाखरं आहेत, त्यांना ऐकू येत नाहीत.’ पाराच्या त्या टोकाला ऐकू आलं मला.”

मी विचारलं, “मग तिथेच का नाही बोललात? माझं वाक्य सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं असतंत तर कान ठीक आहेत हे लगेच कळलं असतं.”

“तुम्ही उठून सांगाल असं वाटलं होतं,” नाना म्हणाले. “वाट बघत होतो. बस सुटायची वेळ झाली तोवर.”

मेंढ्यांमागून एक ठेलारी आला, तंबाखूसाठी आमच्याजवळ बसला, आणि बोलणं तिथेच राहिलं.

गुरुवारी मी शाळेतून रजा घेतली. साहेबांची जीप माळावर आली. या खेपेला नानांनी बरण्या आणल्या नव्हत्या. त्यांनी पाच-सहा ठेलारी आणि गावातले गुराखी जमवले होते. साहेबांना ते म्हणाले, “साहेब, मी म्हातारा झालो. माझे कान गेलेत, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. इंजिन बंद करा आणि जरा वेळ उभे राहा. यांनी ऐकलंय, हे सांगतील.” आणि बोट माझ्याकडे केलं.

साहेब घड्याळ बघत उभे राहिले. आम्ही सगळे उभे राहिलो. एक मेंढपाळ शिंकला तर बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मग डोंबारी उठला, वर गेला, पडला, शीळ ओढली. त्याच्यापलीकडे दुसरा. चंडोल सुरू झाला. साहेबांनी मान वर केली ती बराच वेळ खाली आणली नाही.

“हे झाडं लावल्यावर जातील?” त्यांनी मला विचारलं.

“जातील. मी एका माळावरून घालवले आहेत.”

माझ्याशेजारचा ठेलारी पुढे झाला. “आनी साहेब, मेंढी झाड खाई का? गवत गयं, पाखरू गयं, मंग आम्ही कोठे जावानं?”

त्या गावचे खड्डे नाल्याच्या काठाने खणले गेले. माळाचा मोठा भाग राहिला. नाना परतीच्या बसमध्ये झोपून गेले. खिडकी खडखडत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि त्यांना जाग आली नाही.

त्यानंतर दोन पावसाळे ते होते. बरण्या माझ्या बायकोने लोणच्याला घेतल्या.

इतकी वर्षं मी हे एकाच गावात सांगितलं नाही, जिथे सांगायला हवं होतं तिथे. स्मरणिकेचं पत्र आलं, त्यासोबतच कळलं की शाळेची नवी पिढी त्या जुन्या माळावर, जिथे अर्धी सुबाभूळ वाळून मेली आहे आणि पुन्हा गवत उगवलं आहे, तिथे नव्याने झाडं लावणार आहे आणि त्या वनराईला माझं नाव देणार आहे. मागच्या आठवड्यात मी धरणगावपलीकडच्या त्या गावी गेलो. ग्रामसभा आता पंचायतीच्या हॉलमध्ये होते. सरपंच एक तरुण बाई आहेत. आबांची नातसून. मला व्यासपीठावर खुर्ची दिली होती. मी तिच्यावर बसलो नाही. समोर उभा राहिलो आणि पारावर काय बोललो होतो ते शब्दशः सांगितलं. घड्याळाचं सांगितलं. पर्यवेक्षकाच्या जागेचं सांगितलं.

मग मागून एक वयस्कर माणूस म्हणाला, “मी व्हतू त्या दिवसले. मीज नानाले हात धरी उतारं व्हतं.” एवढंच म्हणून तो खाली बसला.

सरपंचबाईंनी विचारलं, “मंग सर, झाडं लावानीज नहीत का?”

“लावा. नाल्याला लावा, शाळेभोवती लावा, बांधावर लावा, तिथे सावली हवीच. आणि यंदा ऊन काय होतं ते तुम्ही भोगलंयच. माळावर गवत आलंय ते राहू द्या. माझं नाव कशालाही देऊ नका.”

“गवत ठेवलं तर पाखरं येतील?” एका शिक्षिकेने विचारलं.

“ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी येतील असं मी सांगितलं तर पुन्हा खोटं होईल. जागा असेल तर येऊ शकतात. जागा नसेल तर नक्की येणार नाहीत.”

वाद झाला. थोडे लोक चिडले, रोपं आली होती. शेवटी या पावसाळ्यापुरता माळ सोडायचा, पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं, असं ठरलं. यापेक्षा जास्त मी मागू शकत नव्हतो. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.

निघताना एक तरुण माझ्यामागे बाहेर आला. म्हणाला, “सर, आमच्या पलीकडच्या गावाचाही माळ आहे. तिथे या सोमवारी खड्डे खणणार आहेत.”

“सभा झाली का त्यांची?”

“रविवारी आहे.”

मी त्याला विचारलं, तिकडे जाणारी पहिली बस किती वाजता सुटते.